अनुदान थांबले तरी कलाकेंद्राचे दिवे चालू राहावेत म्हणून

प्रश्न थोडक्यात असा आहे. तालुक्याच्या गावात एका नोंदणीकृत न्यासाचे १२० खुर्च्यांचे सभागृह आणि एक तालमीची खोली आहे. मुलांचे नाटक-संगीताचे वर्ग, हौशी संघांच्या तालमी, वर्षाला एक महोत्सव असे काम चालते. चार वर्षे एकाच अनुदानावर सगळे निभावले. यंदा ते आले नाही आणि दोन महिन्यांचे पगार थकले. आता दुसरे मोठे अनुदान कुठे मिळेल?

दुसरे मोठे अनुदान शोधू नका. एका मोठ्याच्या जागी दुसरे मोठे आणले, तर चार वर्षांनी हाच प्रश्न पुन्हा दारात येईल. अनुदान देणारा कार्यक्रमासाठी पैसे देतो. वीजबिल, झाडलोट, व्यवस्थापकाचा पगार यांसाठी सहसा कोणी देत नाही, आणि दिले तरी एखाद-दुसरे वर्षच. म्हणून जागा चालू ठेवण्याचा खर्च गावातून उभा राहिला पाहिजे, अनुदानाने कार्यक्रम चालले पाहिजेत, आणि प्रत्येक कार्यक्रमाने जागेच्या खर्चातला आपला वाटा उचलला पाहिजे. हे बोलायला सोपे आहे, पण कागदावर आकडे मांडल्याशिवाय कार्यकारिणीला पटत नाही. म्हणून आकड्यांपासूनच सुरुवात करू.

पुढचे आकडे नमुन्याचे आहेत. तुमचे घालून तक्ता पुन्हा करा. महिन्याला व्यवस्थापक २२,०००, प्रकाश-ध्वनी सांभाळणारा तंत्रज्ञ १८,०००, सफाई आणि राखण १४,०००, वीज १२,०००, हिशेब आणि लेखापरीक्षण ५,०००, विमा-पाणी-इंटरनेट-मालमत्ता कर ४,०००, दुरुस्तीसाठी बाजूला ५,०००. बेरीज ८०,०००, म्हणजे वर्षाचे ९,६०,०००. हा झाला स्थिर खर्च. एकही प्रयोग झाला नाही तरी तो होतोच. त्यावर महोत्सव ३,००,०००, दोन नव्या निर्मिती प्रत्येकी १,२०,०००, उन्हाळी शिबिर आणि शाळांतले काम मिळून १,००,०००. कार्यक्रमांचे ६,४०,००० धरून वर्षाचा एकूण खर्च १६,००,०००.

आता उत्पन्न. वर्गांत ६० मुले, महिना ८०० रुपये, दहा महिने म्हणजे ४,८०,०००. निम्मे शिक्षकांच्या मानधनात गेले तरी २,४०,००० उरतात. तालमीची खोली तासाला २५० रुपयांनी महिन्यात ४० तास गेली तर वर्षाला १,२०,०००. सभागृह महिन्यातून सहा दिवस ३,५०० रुपयांनी दिले तर २,५२,०००. वर्षात २४ प्रयोग, सरासरी ७० प्रेक्षक, तिकीट १५० रुपये आणि केंद्राचा वाटा ४० टक्के धरला तर १,००,८००. दीडशे वर्गणीदार सभासद, प्रत्येकी १,००० रुपये, म्हणजे १,५०,०००. बेरीज ८,६२,८००. स्थिर खर्चातले फक्त ९७,२०० रुपये कमी पडतात.

हे ९७,२०० कुठून आणायचे? कायम निधीच्या, म्हणजे मूळ रक्कम न मोडता फक्त व्याज वापरायच्या ठेवीच्या, व्याजातून. पंधरा लाखांची मुदत ठेव साडेसहा टक्क्यांनी ९७,५०० रुपये देते. पंधरा लाख ही गावाच्या आवाक्याबाहेरची रक्कम वाटते, पण १२० खुर्च्यांना प्रत्येकी १२,५०० रुपयांनी भागली की ती कुटुंबापुरती होते. आई-वडिलांच्या, गुरुजींच्या, पहिल्या नाटकातल्या सहकाऱ्याच्या स्मृतीला एक खुर्ची आणि तिच्या पाठीवर नावाची पितळी पट्टी. गावात वाचनालये अशीच उभी राहिली आहेत, लोकांना ही रीत परकी नाही. दोन-तीन वर्षांचे काम आहे, पण ते झाले की कोणत्याही अनुदानाचे ‘नाही’ पचवता येते. मात्र कायम निधीची देणगी घेताना ‘ही रक्कम न्यासाच्या कायम निधीसाठी’ असे देणगीदाराच्या सहीचे पत्र प्रत्येक वेळी घ्या. पत्र नसेल तर ती त्या वर्षाची साधी देणगी धरली जाऊ शकते, आणि आयकराच्या नियमाने वर्षाच्या उत्पन्नाचा ८५ टक्के भाग उद्देशांवर खर्च करण्याच्या हिशेबात ती अडकते.

त्याच तक्त्यातून आणखी एक आकडा काढा, बहुतेक संस्था तो काढतच नाहीत. स्थिर खर्च ९,६०,००० आणि वर्षात वापराचे दिवस २४०, म्हणजे सभागृह एक दिवस उघडे ठेवण्याचा खरा खर्च ४,००० रुपये. भाडे तर ३,५०० घेतले जाते. हौशी संघासाठी ही सवलत चालेल, किंबहुना ती द्यायलाच हवी. पण ती ठराव करून, जाणूनबुजून दिलेली असावी. खासगी क्लास, कंपनीची सभा, लग्नाआधीचा संगीताचा कार्यक्रम यांना तोच दर लावण्याचे कारण नाही. आणि अनुदानाच्या अंदाजपत्रकात हा आकडा जायलाच हवा. महोत्सवाचे तीन दिवस, रंगीत तालमीचे पाच आणि नेपथ्य उभारणी-उतरवणीचे दोन, असे दहा दिवस सभागृह गुंतते. म्हणजे ४०,००० रुपये ‘सभागृह, तंत्रज्ञ व वीज’ या ओळीवर. देणारा ती ओळ मान्य करणार नसेल, तर तीच रक्कम संस्थेचा स्वतःचा वाटा म्हणून दाखवता येते का ते योजनेच्या नियमांत पाहा. ती न दाखवणे म्हणजे दर महोत्सवाला केंद्राने स्वतःच्या खिशातून ४०,००० देणे. केंद्रे अशीच हळूहळू रिकामी होतात, आणि महोत्सव मात्र यशस्वी झाल्याचे सगळ्यांना वाटत राहते.

आता दारे कोणती आहेत ते पाहू. केंद्रीय संस्कृती मंत्रालयाच्या कला संस्कृती विकास योजनेखाली छोट्या संस्थेच्या कामाच्या तीन गोष्टी आहेत. पहिली, सांस्कृतिक कार्यक्रम आणि निर्मितीसाठीचे अनुदान. महोत्सव, कार्यशाळा, चर्चासत्र, नाटक किंवा नृत्याची निर्मिती त्यात बसते. कमाल मर्यादा ५ लाख, अपवादात्मक बाबतीत २० लाखांपर्यंत. पूर्ण खर्च मिळत नाही, संस्थेला आपला वाटा घालावा लागतो आणि पैसे हप्त्यांत येतात. दुसरी, गुरू-शिष्य परंपरेचे अनुदान, ज्याला सगळे रेपर्टरी ग्रँट म्हणतात. गुरूला महिना १५,००० आणि शिष्याला वयानुसार २,००० ते १०,०००. नाटकासाठी एक गुरू आणि जास्तीत जास्त १८ शिष्य, संगीत-नृत्यासाठी जास्तीत जास्त १०. इथे एक गैरसमज सर्रास दिसतो. हे पैसे गुरू आणि शिष्यांचे असतात. त्यातून सभागृहाचे वीजबिल भरणे किंवा कलाकारांकडून ‘संस्थेसाठी’ ठरावीक रक्कम परत घेणे हा सरळ गैरव्यवहार आहे, आणि तपासणीत कलाकारांना थेट विचारले की तो उघड होतो. तिसरी, इमारत आणि छोट्या नाट्यगृहासाठीचे अनुदान. महानगरात कमाल ५० लाख, इतरत्र २५ लाख. हे भांडवली कामासाठी आहे. पगार थकलेल्या संस्थेने आत्ता याच्या मागे लागू नये. इमारत वाढली की स्थिर खर्चही वाढतो.

राज्यात सांस्कृतिक कार्य संचालनालयाकडे प्रयोगात्मक कलासंस्थांसाठी सहायक अनुदान असते. तमाशा, दशावतार, खडीगंमत, शाहिरी अशा लोककलापथकांसाठी वेगळे पॅकेज असते. त्यांच्या जाहिराती ठरावीक काळातच निघतात, म्हणून संकेतस्थळ आणि वर्तमानपत्र दोन्हींवर कोणीतरी एकाने नेमून लक्ष ठेवावे. महाराष्ट्र उदयपूरच्या पश्चिम क्षेत्र सांस्कृतिक केंद्रातही येतो आणि नागपूरच्या दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्रातही. ही केंद्रे कलाकार-पथके बोलावतात, स्थानिक संस्थेबरोबर कार्यक्रमही करतात. पथकाचे मानधन-प्रवास ते पाहतात आणि जागा तुमची, अशी बोलणी झाली तर महोत्सवाचा एक दिवस फार स्वस्तात पडतो. आमदार-खासदार निधी टिकाऊ मालमत्तेसाठी असतो, आवर्ती खर्चासाठी नाही. छप्पर, स्वच्छतागृह, रॅम्प अशा कामांसाठीच तिथे जा.

कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीबद्दल, म्हणजे सीएसआरबद्दल, थोडे सविस्तर बोलायला हवे, कारण इथे चुका जास्त होतात. कंपनी कायदा २०१३ च्या अनुसूची ७ मध्ये कला-संस्कृतीचे जतन आणि पारंपरिक कलांचा विकास यांना जागा आहे, शिक्षणालाही आहे. पण जाहिरातीच्या फायद्यासाठी दिलेले प्रायोजकत्व सीएसआरमध्ये धरता येत नाही, आणि पुरस्कार सोहळ्यासारखा एखादाच कार्यक्रमही कंपन्यांचे लेखापरीक्षक नाकारतात. म्हणून ‘आमच्या महोत्सवाला पाच लाख द्या, तुमचा फलक लावू’ हे पत्र चुकीच्या विभागाकडे गेलेले पत्र असते. ते विपणन विभागाला लिहा. सीएसआरकडे जाताना ‘आठ जिल्हा परिषद शाळा, प्रत्येकी ३० मुले, वर्षभरात १२ सत्रे, शेवटी केंद्रात सादरीकरण’ असे काम घेऊन जा. २४० मुलांचा हा प्रकल्प आहे. त्यात प्रशिक्षकाचे मानधन, मुलांची वाहतूक, खाऊ, साहित्य आणि सादरीकरणाच्या आठ दिवसांचे सभागृह दिवसाला ४,००० रुपयांनी, असे सगळे बसते. त्यासाठी संस्थेची सीएसआर-१ नोंदणी (सीएसआरचे पैसे घेण्यासाठीची), १२ए (संस्थेला आयकरातून सूट) आणि ८०जी (देणगीदाराला करसवलत) ही प्रमाणपत्रे आणि तीन वर्षांचे काम लागते. मोठ्या शहरातल्या मुख्यालयाऐवजी आधी आपल्या तालुक्यातल्या औद्योगिक वसाहतीत कोणाचा कारखाना आहे ते पाहा. स्थानिक भागाला प्राधान्य द्यावे असे कायद्यातच म्हटले आहे. एप्रिल-जूनमध्ये कंपनीचे वर्षाचे नियोजन ठरते, तेव्हा भेटा. जानेवारी-फेब्रुवारीत काहींची तरतूद शिल्लक राहते, त्यासाठी दीड-दोन लाखांचा एक छोटा प्रस्ताव तयार ठेवा.

परदेशातल्या मराठी मंडळींची मदत मनापासून येते, पण एक गोष्ट नीट समजून घ्या. भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी माणसाने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी परदेशी अंशदान ठरत नाही. ज्याने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतले आहे, त्याच्याकडे ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड असले तरी त्याची देणगी परदेशी अंशदान ठरते. ती घेण्यासाठी एफसीआरए, म्हणजे परदेशी अंशदानाच्या कायद्याखालची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी आणि दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतले ठरावीक खाते लागते. परदेशातल्या महाराष्ट्र मंडळाने संस्था म्हणून पाठवलेले पैसेही त्यातच येतात. पासपोर्टची प्रत घेतल्याशिवाय परदेशातून एक रुपयाही खात्यात येऊ देऊ नका.

प्रस्ताव कितीही सुंदर असो, कागद अपुरे असले तर तो पहिल्याच चाळणीत बाद होतो. महाराष्ट्रात सगळ्यात जास्त अडते ते धर्मादाय कार्यालयातल्या बदल अर्जांवर. निवडणूक झाली, विश्वस्त बदलले, एखाद्याचे निधन झाले, पण परिशिष्ट १ वर, म्हणजे न्यासाच्या अधिकृत नोंदीच्या उताऱ्यावर, जुनीच नावे. महाराष्ट्राच्या न्यास कायद्याच्या कलम २२ प्रमाणे बदल झाल्यापासून ९० दिवसांत अर्ज द्यायचा असतो. तो राहिला की पुढच्या प्रत्येक कार्यकारिणीचा अर्ज मागच्यात गुंतत जातो, आणि अनुदान देणारा विचारतो की अर्जावर सही करणाऱ्याला अधिकार कोणी दिला. दुसरी अडचण नावाची. नोंदणी प्रमाणपत्रावर ‘कला केंद्र’, पॅनवर ‘कलाकेंद्र’, बँकेत इंग्रजी स्पेलिंग तिसरेच. नीती आयोगाच्या दर्पण या स्वयंसेवी संस्थांच्या नोंदणी पोर्टलवर आणि केंद्र सरकारच्या पीएफएमएस या पैसे पाठवण्याच्या प्रणालीत हे जुळले नाही की मंजूर झालेले पैसेही खात्यात येत नाहीत. तिसरी अडचण घटनेतल्या उद्देशांची. ‘सामाजिक व शैक्षणिक कार्य’ एवढेच लिहिले असेल आणि कला हा शब्दच नसेल, तर घटनादुरुस्ती करून घ्या. शिवाय १२ए आणि ८०जी प्रमाणपत्रांवरची मुदत पाहा; नूतनीकरणाचा अर्ज ती संपण्याच्या किमान सहा महिने आधी द्यावा लागतो. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू असल्याने कलमांचे आणि अर्जांचे क्रमांक बदलतात. इथे जुने क्रमांक ओळखीसाठी दिले आहेत, अर्ज भरताना सीएकडून नवे घ्या.

अंदाजपत्रक लिहिताना गोल रकमा टाळा. ‘कलाकार मानधन १,००,०००’ ही ओळ कापली जाते. ‘६ कलाकार × २ प्रयोग × ४,००० = ४८,०००’ ही सहसा कापली जात नाही, कारण ती कापायला तज्ज्ञ समितीला कारण लागते. ‘इतर खर्च ५०,०००’ असे लिहिणे म्हणजे ५०,००० सोडून देणे. भाड्याच्या दिव्यांचे, टेम्पोचे, छपाईचे दर लेखी मागवून जोडा. आणि लेखकाचे मानधन, संगीत वाजवण्याचे परवाने, संहिता तपासणाऱ्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र यांचा खर्च व वेळ आधीच धरा. हे विसरले की प्रयोगाच्या आठवडाभर आधी धावपळ होते आणि तो खर्च कोणत्याच ओळीत बसत नाही.

मंजुरीचे पत्र आले म्हणजे पैसे आले असे नाही. चांगल्या संस्था इथेच अडखळतात. समजा ३,००,००० च्या महोत्सवाला २,००,००० मंजूर झाले, त्यातले तीन चतुर्थांश आधी आणि उरलेले हिशेब दिल्यावर. म्हणजे हातात १,५०,००० आणि खर्च ३,००,०००. मागचे ५०,००० पुढच्या आर्थिक वर्षात येऊ शकतात, पहिला हप्ताही कार्यक्रम झाल्यावर येऊ शकतो. मधल्या काळात कर्ज काढून भागवणे सोपे नाही: सार्वजनिक न्यासाने कर्ज घेण्यावर महाराष्ट्राच्या न्यास कायद्याच्या कलम ३६अ ची बंधने आहेत. अध्यक्षांनी स्वतःच्या खिशातून ‘तात्पुरते’ घातलेले दोन लाखही कर्जच ठरतात आणि लेखापरीक्षणात आक्षेप निघतो. म्हणून चार महिन्यांच्या स्थिर खर्चाएवढी, आपल्या उदाहरणात ३,२०,००० रुपयांची गंगाजळी वेगळ्या खात्यात हवी, आणि ती वापरायला कार्यकारिणीचा ठराव लागेल असा नियम हवा. ती उभी होईपर्यंत महोत्सव तीनऐवजी दोन दिवसांचा करा. प्रेक्षक रागावत नाहीत.

हिशेबात प्रत्येक अनुदानाचे वेगळे खाते उघडा. बँकेत शक्य नसेल तर निदान खतावणीत तरी. प्रत्येक बिल संस्थेच्या नावाने, त्यावर अनुदानाचे नाव आणि ठरावाचा क्रमांक. मानधन बँकेतून. एका व्यक्तीला एका दिवसात १०,००० पेक्षा जास्त रोख दिली तर तो खर्च आयकरात धरला जात नाही, आणि २,००० पेक्षा जास्त रोख देणगीवर देणगीदाराला ८०जी ची सवलत मिळत नाही. देणगीदारांचे वार्षिक विवरण, फॉर्म १०बीडी, ३१ मेपर्यंत भरावे लागते. उशिराला दिवसाला २०० रुपये शुल्क पडते, आणि त्याहून वाईट म्हणजे देणगीदाराला प्रमाणपत्र मिळत नाही. तो पुढच्या वर्षी देत नाही.

केंद्र सरकारच्या अनुदानाचे उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसे ठरलेल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला, सरकारी वित्तीय नियमांच्या (जीएफआर) १२-ए नमुन्यात द्यायचे असते. आर्थिक वर्ष संपल्यापासून बारा महिन्यांची मुदत असली तरी तिची वाट पाहू नका. कार्यक्रम संपल्यावर पाच-सहा आठवड्यांत, बिले आणि माणसे दोन्ही जागेवर असताना सीएची सही घ्या. अनुदानाच्या रकमेवर मिळालेले व्याज आणि उरलेली रक्कम परत करायची असते. त्यातून घेतलेला मिक्सर किंवा दिवे मालमत्ता नोंदवहीत वेगळे दाखवायचे असतात आणि विचारल्याशिवाय विकायचे नसतात. छायाचित्रे, हजेरीपट, तिकिटांची स्थळप्रत, वर्तमानपत्रातली कात्रणे महोत्सव चालू असतानाच एका माणसाने गोळा करावीत. नंतर ती कोणाकडेच नसतात. मागचे प्रमाणपत्र बाकी असताना पुढचा अर्ज विचारातच घेतला जात नाही. एखाद्या संस्थेचे चालू अनुदान अचानक थांबले की सगळ्यात आधी हेच तपासावे. तुमचेही तपासा. कित्येकदा नकार दिलेलाच नसतो, मागची फाईल अपुरी असते.

राहिला थकलेल्या पगारांचा प्रश्न. नव्या प्रकल्पाचा पहिला हप्ता आला की आधी त्यातून पगार देऊन टाकावेत हा मोह होतो, आणि माणुसकीच्या दृष्टीने तो समजण्यासारखा आहे. पण तसे करू नका. ठरलेल्या कामाचे पैसे दुसरीकडे वळवले की उपयोगिता प्रमाणपत्र खोटे होते आणि रक्कम व्याजासह परत मागितली जाते. तीन कर्मचाऱ्यांचे दोन महिन्यांचे पगार मिळून १,०८,००० होतात. सभासदांची तातडीची सभा बोलवा, वर्षाचा तक्ता फलकावर लावा आणि पुढच्या वर्षाची वर्गणी आगाऊ मागा: १०८ सभासदांचे १,००० रुपये. तोपर्यंत तंत्रज्ञाला बाहेरची कामे घ्यायची मोकळीक लेखी द्या. आगाऊ वर्गणी घेतली की पुढच्या वर्षाच्या तक्त्यात तेवढी तूट दिसेल. ती भरायला वर्गांची एक जादा तुकडी, १५ मुलांची, उन्हाळ्यात सुरू करून वर्षभर चालवावी लागेल. शिक्षकाचे निम्मे मानधन वजा जाता तिचे ६०,००० उरतात. बाकीचे ४८,००० खासगी कार्यक्रमांना सभागृह ३,५०० ऐवजी ५,५०० दराने २४ दिवस दिले की भरून निघतात.